शेड की शॅडो? सारख्या अर्थाचे इंग्रजी शब्द वेगळे कसे ओळखावेत

शेड म्हणजे सावली, शॅडो म्हणजेही सावली. मुलांकडून असे अर्थ घोकून घेतले की निबंध लिहिताना ती अडलीच म्हणून समजा. त्यापेक्षा अशी जोडी समोर आली की या क्रमाने जा.

आधी दोन्ही शब्द डोळ्यांपुढे आणा. मे महिन्यात बडोद्याच्या कमाटीबागेत झाडाखाली आपण टेकतो ती शेड. तिथे ऊन लागत नाही, एवढंच. संध्याकाळी त्याच बागेत चालताना पुढे लांबलचक पसरते ती आपली शॅडो. तिला कडा असतात, डोकं असतं, हात हलवला की तिचाही हलतो. जुन्या इंग्रजीत ही एकाच शब्दाची दोन रूपं होती, त्यामुळे घोटाळा झाला तर नवल नाही. बडोदेकरांना इथे गुजराती फुकटात मदत करते: छांयो म्हणजे शेड, पडछायो म्हणजे शॅडो. मराठीतही पडछाया आहे, पण रोजच्या बोलण्यात ती वापरतं कोण!

मग शब्दाच्या पाठोपाठ काय येतं ते तपासा. माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथेच पकडल्या जातात. टेल म्हटलं की बहुतेक वेळा लगेच माणूस हवा: टेल मी, टेल हर. से मात्र माणसाला थेट चिकटत नाही, मध्ये टू लागतो. 'ही सेड मी' रावपुऱ्यापासून अलकापुरीपर्यंत कुठेही कानावर पडेल, पण ते चूकच. लिसनलाही टू लागतो, हिअरला नाही. कुकरची शिट्टी आपोआप हिअर होते. तिसरी झाली का म्हणून कान देऊन बसलात, तर ते लिसन.

देण्याघेण्याचे शब्द असतील तर वस्तू कुठून कुठे जाते ते पाहा. आपण दोन्हीकडे 'उसनं' म्हणतो, म्हणून बॉरो आणि लेंड यांची गल्लत होते. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतून पुस्तक तुम्ही बॉरो करता, लायब्ररी ते लेंड करते. घेणारा बॉरो, देणारा लेंड.

नुसतं शेपूट वेगळं असलेल्या जोड्या जास्त फसव्या. १९०६ साली सयाजीराव महाराजांनी सगळ्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तो निर्णय हिस्टॉरिक, कारण त्याने इतिहास घडवला. त्या काळातली एखादी साधी जमाखर्चाची वही हिस्टॉरिकल. ती जुन्या काळाची आहे, एवढंच तिचं म्हणणं. तसंच सरकारचं धोरण इकॉनॉमिक, कमी पेट्रोल पिणारी स्कूटर इकॉनॉमिकल.

प्रत्येक जोडीमागे लागू नका. बिगिन आणि स्टार्ट बहुतेक ठिकाणी एकमेकांच्या जागी चालतात. गाडी तेवढी स्टार्टच होते, बिगिन होत नाही.

शेवटी वहीत अर्थ न लिहिता प्रत्येक शब्दाचं एक वाक्य लिहा, घरातलं किंवा गल्लीतलं. मग शब्दांची अदलाबदल करून वाक्य मोठ्याने वाचा. कानाला खटकलं तर जोडी समजली. दोन्ही वाक्यं बरोबरच वाटली, तर शिकणाऱ्यांसाठी केलेल्या इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरीतली उदाहरणं वाचा, आणि जो शब्द अडतो त्याच्या मागेपुढे काय आलंय तेवढंच वहीत उतरवून घ्या.