सिझेरियनचे टाके पिकतात तेव्हा: या चुका टाळा

टाके पिकले की वॉर्डात पहिला संशय बाळंतिणीवर. 'पाणी लावलं असेल', 'सारखा हात लावत असेल'. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, आणि प्रसूती वॉर्डात बरीच वर्षं काढल्यावर माझं मत वेगळं झालंय. पुष्कळदा चूक ती ऑपरेशनच्या टेबलावर असतानाच झालेली असते, नाहीतर आमच्या ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती घाईची. पोट पेंट केलं, म्हणजे जंतुनाशक औषध फासलं, ओलं दिसतंय म्हणून गॉझने टिपलं, ड्रेप (निर्जंतुक कापड) टाकला, घ्या सुरी! अरे, भिंत रंगवतोय का आपण? कातडी तपकिरी झाली म्हणजे जंतू मेले असं नसतं. पोव्हिडोन आयोडीनमधलं आयोडीन हळूहळू सुटतं, त्याला दोन-तीन मिनिटं त्वचेवर राहू द्यायचं आणि आपोआप वाळू द्यायचं. क्लोरहेक्सिडीन हे दुसरं जंतुनाशक, ते अल्कोहोलमधलं असेल तर वाळायला केस नसलेल्या त्वचेवर किमान तीन मिनिटं लागतात, केसांत त्याहून बराच जास्त वेळ. ते ओलं असताना कॉटरी (रक्तस्राव थांबवायला विजेने डागायचं उपकरण) लावली तर पेट घेऊ शकतं. बेंबीत आणि कमरेखाली साचलेलं तर कुणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून मी कमरेच्या दोन्ही बाजूंना टॉवेल ठेवते, पेंटिंगनंतर ते काढून टाकते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोठ्याने वेळ सांगते. नवे इंटर्न हसतात. हसू देत.

बाळाचे ठोके पडलेत आणि एकेक सेकंद मोलाचा आहे, तेव्हा गोष्ट वेगळी. तिथे अल्कोहोल नसलेलं पोव्हिडोन आयोडीन घ्यावं, निदान आगीची भीती नाही. पण आठवडाभर आधी तारीख ठरलेल्या सिझेरियनला कसली आलीय इमर्जन्सी?

दोन्हींतलं चांगलं कुठलं, हे हमखास विचारतात. 2016 साली अमेरिकेतल्या सेंट लुईसमधल्या 1,147 सिझेरियनचा अभ्यास प्रसिद्ध झाला. क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोल लावलेल्यांत जखमेचा संसर्ग 4 टक्के, आयोडीन-अल्कोहोल लावलेल्यांत 7.3 टक्के. वेळ हाताशी असेल तर माझा हात क्लोरहेक्सिडीनकडेच जातो. मात्र आधी साबण लावला असेल तर तो पूर्ण धुऊन काढा, साबणाने क्लोरहेक्सिडीनचा जोर मरतो.

आता बाटलीची गोष्ट. फार पूर्वी मी जिथे काम करत होते, तिथे एका आठवड्यात तिघींच्या जखमा पाचव्या-सहाव्या दिवशी वाहू लागल्या. सर्जन वेगवेगळे, ओटीच्या वेळा वेगळ्या. आम्ही ऑटोक्लेव्ह (वाफेवर उपकरणं निर्जंतुक करायचं यंत्र) तपासला, चादरी तपासल्या, एकमेकींवर डाफरलो. तिघींना जोडणारी गोष्ट म्हणजे ड्रेसिंगची ट्रॉली, आणि तिच्यावरची अँटिसेप्टिकची बाटली. अर्धी झाली की वरून ओतायची, घट्ट वाटलं तर पाणी घालायचं, अशी पद्धत. तळाचा थर कधीचा, कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रयोगशाळेत कल्चर करून जंतू तपासले तर त्यातच स्युडोमोनास नावाचे जंतू! जंतू मारायच्या औषधात जंतू वाढत होते, आणि आम्ही ते दोन वेळा स्वॅबने जखमेला पुसत होतो. त्या बाटलीतून मीही ओतलं होतं, त्यामुळे इथे साळसूदपणा करणार नाही. तेव्हापासून बाटली लहान घेते, उघडल्याची तारीख मार्करने लिहिते, संपली की टाकते. कुणी 'थोडंच उरलंय, यात ओतू का' म्हणालं की बाटली हातातून काढून घेते.

बाकीच्या चुका थोडक्यात. पोटावरचे केस काढायला रेझर नको. बारीक ओरखड्यांत जंतू घर करतात. केस अगदी आड येत असतील तरच क्लिपर (केस कापायचं मशीन), तोही शस्त्रक्रियेच्या थोडं आधी. अँटिबायोटिक चिरा देण्याआधीच्या तासाभरात द्यायचं, नाळ कापेपर्यंत थांबायची जुनी सवय सोडा. कळा सुरू असतील किंवा पाणी गेलं असेल, तर योनीमार्गही अँटिसेप्टिकने पुसून घ्यायचा. त्याने गर्भाशयाच्या अस्तराचा संसर्ग जवळपास निम्म्यावर येतो, आणि हाच भाग सगळ्यांत जास्त विसरला जातो. तिथे अल्कोहोल असलेलं काहीही चालत नाही, हे लेबल वाचूनच हात लावा.

आणि ड्रेसिंग. पेरलेलं बी उकरून बघावं तसं काही जण रोज पट्टी उघडून बघतात. स्वच्छ, कोरडी पट्टी पहिले 24 ते 48 तास तशीच राहू द्या. रक्ताने भिजली किंवा सुटली तरच बदला. नंतर जखम कोरडी असेल तर आंघोळ चालते, फक्त चोळायचं नाही आणि टिपून कोरडं करायचं. मिटत आलेल्या जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून फेस बघत बसणाऱ्यांना मी थेट रागावते, कारण नवी येणारी कातडीही त्याने जळते.

टाके ठीक दिसले म्हणून संपलं, असंही नाही. जखमेचा संसर्ग 30 दिवसांपर्यंत डोकं वर काढू शकतो आणि तोवर बाई घरी गेलेली असते. म्हणून डिस्चार्जच्या वेळी मी तिच्या सोबतच्या माणसालाही बसवून सांगते: ताप 38 अंश सेल्सियसच्या वर, जखमेभोवती वाढती लाली, पू, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला घाण वास, ओटीपोटात वाढतं दुखणं. यातलं एक दिसलं तरी त्याच दिवशी यायचं. वरून घरी मलम लावून वाट बघायची नाही.