वाडीतनं थेट पंढरपूर: फोन करून एसटी दारात कशी बोलवायची

आषाढीला एका गावातले 40 जण जमले तर एसटी गावात येऊन उचलते आणि थेट पंढरपूरला सोडते, हे आमच्या आटपाडी भागात अजून कित्येक वाड्यांवर माहीत नाही, म्हणून लिहितोय. म्हाताऱ्या बाया गठुळं घेऊन फाट्यापर्यंत चालत येतात आणि गाडी आधीच खच्चून भरलेली, हात केला तरी थांबत नाही, बघून जीव तुटतो.

आधी यादी करा. नाव, वय, बाई का पुरुष, बास. वय कशाला तर 75 च्या पुढं 2022 पासून तिकीट नाही, 65 ते 75 ला अर्धं, बायकांना मार्च 2023 पासून अर्धं, आणि ही सवलत या गाडीलाही चालते. लग्नाला करारावर गाडी घेतली तर पैसे किलोमीटरवर, तिथं सवलत धरू नका. चार नावं जास्तच लिहा, पाऊस झाला की दोघंतिघं पेरणीला मागं राहतातच.

मग डेपोत फोन. नंबर स्टँडवर चौकशीच्या खिडकीत मिळतो. डेपो मॅनेजर नाहीतर वाहतूक निरीक्षकांशी बोला, माणसं किती, कुठल्या दिवशी, किती वाजता हे एका दमात सांगा, आणि नंतर यादी जोडून लेखी अर्जही द्या.

रस्त्याचं मात्र खरं सांगा. आमच्या वाडीत गाडी वळायला फक्त देवळापुढं जागा, तिथं ट्रॅक्टर-ट्रॉली लावलेली, ड्रायव्हरनं ओढ्यापर्यंत रिव्हर्स घेतली, एकजण मागं बॅटरी दाखवत चालत होता. आता आम्ही आदल्या रात्रीच जागा मोकळी करतो, खाली आलेल्या फांद्या तोडतो.

परतीचंही त्याच फोनवर ठरवा. यात्रेत पंढरपूरबाहेर तात्पुरती स्टँडं असतात, जिल्ह्याप्रमाणे वेगवेगळी, आपली गाडी कुठल्या स्टँडवर लागणार ते विचारून घ्या. आम्ही ते विचारलं नव्हतं आणि दोन म्हाताऱ्या रात्री दुसऱ्याच स्टँडवर बसून राहिल्या.

निघताना गाडीचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येकाच्या पिशवीत टाका. आधार कार्ड ज्याचं त्याच्याजवळच ठेवा, आमची आत्ती ते पदराच्या गाठीत बांधते आणि कंडक्टर दिसला की आधी गाठ सोडायला घेते.