वर्गात रोल प्ले कसा घ्यायचा, आणि झाल्यावर भूमिका उतरवायची कशी

आधी एक सांगून टाकते, रोल प्ले म्हणजे नाटक नाही. गॅदरिंगला बसवतात ते नाटक, त्यात संवाद पाठ असतात, आईची साडी असते, काजळाची मिशी असते आणि समोर मोबाईल धरून पालक उभे असतात. व्हिडिओ पाहा कोणतेही, 'वर्गात रोल प्ले' म्हणून जे दाखवतात ते बहुतेक गॅदरिंगच असतं, पोट्टे पाठ केलेलं धडाधड म्हणतात, शेवटी वाकून धन्यवाद, आणि शिकलं कोणी काही? रोल प्लेमध्ये मुलांना एकेक भूमिका द्यायची आणि बोलणं त्यांचं त्यांनी जागेवर शोधायचं; संवाद कोणीच लिहायचे नसतात, मॅडमनी तर अजिबातच नाही.

मी नागपुरात इतिहास-नागरिकशास्त्र शिकवते, अठरा वर्षं झाली. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक लिहिलंय, माझ्या वर्गात पंचावन्न बसतात. तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली पाच हजेरीत जातात. तेव्हा हे सगळं अशा वर्गासाठी आहे. वीस मुलं, सरकणाऱ्या खुर्च्या आणि गालिचा असेल तर तुमचं बरंच आहे बाप्पा.

विषय

दोन माणसांना दोन वेगळ्या गोष्टी पाहिजेत आणि दोघांचंही आपल्या जागी थोडंफार खरं आहे, असा विषय घ्या. 'पाणी वाचवा', 'झाडे लावा' यावर रोल प्ले होत नाही, कारण सगळ्यांचं एकच म्हणणं, मग भांडायचं कशावर? ग्रामसभा चालते. पाचवीच्या इंग्रजीला सीताबर्डीवर चपलांचा भाव करणं चालतं, मस्त चालतं. डिसेंबरात अधिवेशन असलं की रस्ते बंद, मोर्चे, आणि पोट्टे विचारतातच, मॅडम हे मुंबई सोडून इथं काहून भरते? तेव्हा २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार घ्या, विदर्भानं महाराष्ट्रात यायचं आणि वर्षातून एक अधिवेशन नागपुरात भरवायचं, हे त्यातच ठरलं. विदर्भातले दोन पुढारी, एक महाराष्ट्रात जाऊ म्हणणारा, एक नको म्हणणारा. मुलं घरून आजोबांची मतं घेऊन येतात, तुम्हाला तयारीच करावी लागत नाही.

चिठ्ठ्या

प्रत्येक भूमिकेची एक चिठ्ठी, पोस्टकार्डाएवढी. त्यात तीनच गोष्टी: तू कोण, तुला काय पाहिजे, आणि तू काय लपवतोयस. तिसरी गोष्ट लोक विसरतात आणि मग दोन मिनिटांत खेळ संपतो.

माझा आवडता तास १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांचा, म्हणजे पुणे-नगरकडचे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले त्याचा. शेतकऱ्याच्या चिठ्ठीत मी लिहिते: 'अमेरिकेत युद्ध चालू होतं तेव्हा कापसाला भाव होता, सावकार घरी येऊन पैसे देत होता. युद्ध संपलं, भाव पडला, सरकारनं सारा मात्र वाढवला. तुला पेरणीला पैसे पाहिजेत. तुला वाचता येत नाही, हे कोणाला सांगू नको.' सावकाराच्या चिठ्ठीत: 'मुंबईच्या व्यापाऱ्यांनी तुला पैसे देणं बंद केलंय. १८५९ च्या कायद्यानं कर्जरोखा तीनच वर्षं चालतो, म्हणून जुनं मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवीन कागदावर अंगठा घ्यायचाय. कागदात काय लिहिलंय ते सांगू नको.' बस. याच्यावर पोट्टे दहा मिनिटं असं काही बोलतात की तुम्हाला सुचणार नाही. एकानं तर विचारलं होतं, 'शेठ, कागद तुमचा, शाई तुमची, अंगठाच तेवढा माझा काहून?'

सावकाराला फक्त दुष्ट करून टाकू नका. त्यालाही अडचण द्या, नाहीतर पोरगं सिनेमातल्यासारखं हा हा हा हसतं आणि तास गेला.

बाकीचे पन्नास

खेळणारे पाच, मग बाकीच्यांनी काय करायचं? त्यांना कामं वाटा. एक रांग फक्त शेतकरी कुठे अडकला ते लिहील, दुसरी सावकार काय लपवतोय ते ओळखेल, तिसरी आकडे टिपेल. काम नसेल तर मागचा बाक सुरू होतो, आणि मागचा बाक सुरू झाला की शेजारच्या वर्गाच्या मॅडम दारात.

खेळ

दहा मिनिटं, फार तर बारा. अडले तर तुम्ही मामलेदार होऊन आत शिरा आणि एक प्रश्न टाकून बाहेर या. रंगात असतानाच थांबवा.

आता खरं काम

आतापर्यंतचं कोणालाही जमतं. ट्रेनिंगमध्ये हे सगळं सांगतात, चार्ट पेपरवर लिहून पण घेतात, आणि शेवटी एका ओळीत म्हणतात 'नंतर चर्चा घ्यावी'. अरे पण कशी घ्यावी? मला हे कोणी सांगितलं नाही आणि त्याची किंमत एका पोरानं दिली.

सुरुवातीची वर्षं होती माझी. हाच तास, आठवीचा. एका शांत मुलाला सावकार केलं, मुद्दामच, म्हटलं बोलता होईल. तो असा काही बोलला की वर्ग थक्क. कागद पुढे सरकवणं, चष्मा नसताना चष्म्यावरून बघणं, सगळं. मी खूश. टाळ्या वाजवायला लावल्या, 'वा सावकार!' म्हटलं, घंटा झाली, सगळे डब्यावर तुटून पडले. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना मीच गमतीत म्हटलं, 'सावकार आले का?' वर्ग हसला. तो पण हसला. आणि मग तो दहावी होईपर्यंत सावकारच राहिला. ग्राउंडवर सावकार, सायकल स्टँडवर सावकार, कोणाची पेन्सिल हरवली की 'सावकारानं नेली असंल'. नववीत त्याची आई भेटायला आली, म्हणाली, मॅडम, तो शाळेत यायला नाही म्हणते. मला कळेना का. तिनंच सांगितलं, घरावर कर्ज आहे, वसुलीवाले दारात येतात, आणि याला पोट्टे सावकार म्हणतात.

पहिल्यांदा त्या नावानं हाक मी मारली होती. पोरांनी नाही.

तेव्हापासून माझ्या पस्तीस मिनिटांतली पंधरा यासाठी राखून ठेवते आणि कोणी काही म्हणो, ती कमी करत नाही. खेळ आठ मिनिटांचा झाला तरी चालेल.

पहिलं काम, भूमिका अंगावरून काढणे. मी प्रत्येकाच्या गळ्यात सुतळीनं पुठ्ठ्याची पाटी लावते, त्यावर 'शेतकरी', 'सावकार', 'मामलेदार'. मुलाचं नाव कधीच नाही. खेळ थांबला की पाटी गळ्यातून काढून खोक्यात टाकायची. आणि इथं मला आपली मारबत कामाला आली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठे पुतळे, मिरवत निघतात, रोगराई घेऊन जा गे मारबत, महागाई घेऊन जा गे मारबत, ते नागपूरच्या पोरांना काय शिकवायचं? पाटी खोक्यात पडली की सगळा वर्ग ओरडतो, 'सावकारी घेऊन जाऽऽ गे मारबत!' दोन सेकंदांचा गोंगाट होतो, हेडमास्तर एकदा धावत आले होते, पण त्या ओरडण्यानं सगळ्यांनाच कळतं की ते गेलं, आता हा आपला नेहमीचा पोट्टा आहे. मग त्यानं स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायचं आणि आपल्या बाकावर जाऊन बसायचं. समोर उभं ठेवून चर्चा घेऊ नका. समोर उभा आहे तोवर तो सावकारच दिसतो.

दुसरं, आणि हे सगळ्यात अवघड, तुमचं स्वतःचं तोंड सांभाळणे. 'तू त्याला का फसवलंस?' असं विचारायचंच नाही. 'सावकारानं कागद वाचून का दाखवला नाही?' असं विचारायचं, आणि तेही सगळ्या वर्गाला. सोपं वाटतं ना? करून बघा. पहिले सहा महिने माझ्या तोंडातून 'तू' सुटत होता. मी हातावर पेनानं 'त्यानं' लिहून वर्गात जायची. पोरांनी 'तू' म्हटलं तर तिथल्या तिथं थांबवा, वाक्य परत म्हणायला लावा. खेळलेल्या मुलाला मी एकच गोष्ट विचारते, आत असताना कुठे अवघड गेलं? त्याला सांगायचं नसेल तर पुढे जायचं, खोदायचं नाही.

तिसरं, टाळ्या नाहीत. मार्क नाहीत. 'सगळ्यात छान कोणी केलं' हा प्रश्न तर ज्यांनी शोधला त्यांना माझा नमस्कार. तो विचारला की पन्नास मुलं ॲक्टिंगवर बोलतात आणि कर्जरोखा बाजूला राहतो. निरीक्षण करणाऱ्यांना त्यांचा कागद वाचायला लावा: सावकारानं किती वेळा विषय बदलला, शेतकरी कुठे गप्प झाला.

आणि मग पुस्तक उघडायचं. इथंच उघडायचं, आधी नाही. १२ मे १८७५ ला सुपे गावात आजूबाजूचे शेतकरी जमले आणि त्यांनी वह्या आणि रोखे मागून जाळले. मी विचारते, घरं होती, धान्य होतं, मग कागदांवरच एवढा राग का? ज्या वर्गानं आत्ताच तो अंगठा पाहिलाय त्याला उत्तर सांगावं लागत नाही. १८७९ चा शेतकऱ्यांसाठीचा कायदा मग दोन मिनिटांत होतो, एरवी त्याला अख्खा तास लागतो आणि तरी पेपरात कोरा.

काही विषय मी घेतच नाही. शेतकरी आत्महत्या नाही, विदर्भात तर नाहीच, कोणाच्या घरी काय झालंय आपल्याला माहीत नसतं. जातीवरून अपमानाचा प्रसंग वर्गात उभा करायचा नाही, ज्याला तो रोज भोगावा लागतो त्याला परत खेळायला लावणं हे शिकवणं नाही. आणि कर्जाच्या तासाला चिठ्ठ्या वाटताना मी हळूच सांगते, नको असेल तर बदलून घ्या, कारण विचारणार नाही. दरवर्षी एकदोन जण बदलतात. मी खरंच विचारत नाही.

पुढच्या आठवड्यात तोच प्रसंग पाच मिनिटांसाठी परत घ्या, भूमिका उलट करून, ज्याच्या गळ्यात सावकाराची पाटी होती त्याला आता शेतकऱ्याची. पाट्या जपून ठेवा, पुठ्ठा चांगला असेल तर तीन वर्षं जातात. सुतळी दरवर्षी नवीन लागते, पोट्टे पतंगाला नेतात.