घरची जुनी पिकअप खोलताना: हौद्यापासून चेसिसपर्यंत

नाशिकच्या दिंडोरी, निफाड, पिंपळगाव पट्ट्यात अनेक मळ्यांत शेडमागे वडिलांच्या काळातली महिंद्रा पिकअप उभी दिसते. ती दुरुस्त करून पुन्हा चालती करायची तर रंगापेक्षा खोलण्यालाच जास्त जपावं लागतं. काम दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात उघडा पत्रा एका रात्रीत गंज धरतो.

पाना हातात घेण्याआधी चारही बाजूंनी आणि खालून फोटो काढा. दरवाजा आणि केबिनमधली फट वर, मध्ये, खाली मोजून लिहून ठेवा. हौद्यावर किंवा बोनेटवर पेंटरने हाताने नाव रंगवलेलं असेल तर बटर पेपर ठेवून ते गिरवून घ्या. एकदा ग्राइंडर फिरला की ते अक्षर परत मिळत नाही.

गंजलेल्या नटांवर आदल्या दिवशी आणि सकाळी पुन्हा गंज सोडवणारं तेल सोडा. जुन्या गाडीत इंची आणि मिलिमीटर दोन्ही नट भेटतात. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिमी, त्यावर 13 चा पाना बसतो खरा, पण जाम नटाचे कोपरे गोल करतो. म्हणून दोन्ही सेट हवेत, तेही सहा कोनी गोटीचे.

सुरुवात बॅटरीपासून, आधी मायनसची वायर. मग कूलंट, इंजिन ऑइल, गिअर ऑइल आणि डिझेल वेगवेगळ्या डब्यांत काढा. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग उठतो, लगेच पाण्याने धुवा. डिझेलची टाकी उतरवून लांब ठेवा. रिकाम्या टाकीजवळ वेल्डिंग किंवा ग्राइंडर अजिबात नको, आत वाफ उरलेली असते. पंपाच्या आणि नळ्यांच्या तोंडांना बुचं लावा, धूळ गेली तर पंप खराब होतो.

आता हौदा. द्राक्षबागेत वापरलेल्या गाडीचं खरं दुखणं इथेच असतं. बोर्डो या बुरशीनाशक फवारणीसाठीचं मोरचूद (कॉपर सल्फेट) सांडलं की तांबं लोखंडावर बसतं आणि लोखंड विरघळतं, त्यात खताचे क्षार. वरून पत्रा बरा दिसतो, पण हौदा आणि चेसिसमधल्या पॅकिंगखाली हातोडीने हलके ठोकून बघा. ठण्ण वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर पत्रा बदलावा लागेल. बोल्ट निघत नसतील तर नट कापा. बोल्ट नवे घेणं स्वस्त पडतं. हौदा उचलायला चार माणसं लागतात.

सीट, डॅशबोर्ड, काचा, मडगार्ड, दरवाजे या क्रमाने काढा. वायर कापू नका. प्रत्येक टोकाला चिकटपट्टी लावून कुठून कुठे जाते ते लिहा. फरशी कुजलेली असेल तर दरवाजे उतरवल्यावर, पण केबिन चेसिसवर असतानाच, दरवाजाच्या चौकटीत 20 मिमी चौकोनी पाइप वेल्डिंगच्या ठिपक्यांनी तिरपे टाचून घ्या. नाहीतर उचलताना केबिन वाकते आणि दरवाजे पुन्हा बसत नाहीत. केबिनखालच्या प्रत्येक रबराजवळ उंची जुळवायच्या किती पातळ पत्र्या (शिम) होत्या, तेही नोंदवा.

प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर, म्हणजे बोल्टने जोडलेल्या चकत्यांवर, पंचाने खूण करा, उलटा बसला तर गाडी थरथरते. ब्रेक ड्रममधली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा. पाट्यांचा (चाकावरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगचा) सेंटर बोल्ट सोडताना दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प घट्ट आवळा, कारण पाटे ताणात असतात आणि उसळले तर बोटं जातात. यू-बोल्ट पुन्हा वापरू नका. गाडीखाली जायचं तर जॅकच्या भरवशावर नाही, स्टँड लावूनच.

जुना भाग नवा हातात येऊन बसेपर्यंत भंगारात देऊ नका.

शेवटी मोकळ्या चेसिसचे दोन्ही कर्ण (कोपऱ्यापासून तिरप्या कोपऱ्यापर्यंत) मोजा. फरक आला तर ब्लास्टिंगआधी (दाबाने कण मारून गंज-रंग काढण्याआधी) सरळ करून घ्या. ब्लास्टिंग फक्त चेसिसला. केबिनचा पातळ पत्रा त्याने वाकतो. चेसिस नंबरवर जाड टेपचे थर लावा आणि कारागिराला तो स्वतः दाखवा. नंबर पुसला गेला तर आरटीओच्या तपासणीत गाडी अडकते. रंग बदलणार असाल तर आरसी बुकातही तशी नोंद करून घ्यावी लागते.