मुंबईहून क्रूझला निघताना: केबिन निवडण्यापासून बॅगा दाराबाहेर ठेवण्यापर्यंत

क्रूझचं तिकीट काढताना लोक आधी भाडं बघतात, मग बाल्कनी. त्याआधी महिना बघा. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तो बराच शांत असतो, पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तेव्हाच जावं.

केबिन आणि बोट लागणं

घाटात ज्यांना गाडी लागते, त्यांना बोट लागण्याची शक्यताही जास्त. अशांनी बोटीच्या मधोमध, खालच्या डेकवरची केबिन मागावी. सीसॉच्या मध्यावर बसलेल्याला झोका कमी बसतो, तसंच इथेही: पुढचं-मागचं टोक आणि वरचे मजले जास्त हलतात. म्हणजे सगळ्यांत महाग बाल्कनी बहुधा सगळ्यांत हलणारीही असते. डेकचा नकाशा मागून केबिनच्या वर-खाली काय आहे तेही बघा. वर स्विमिंग पूल असेल तर भल्या पहाटे खुर्च्या ओढल्याचे आवाज, खाली डिस्को असेल तर मध्यरात्रीपर्यंत धडधड.

ॲव्होमिनसारखी गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. ती बोट सुटायच्या तास-दोन तास आधी पोटात हवी. तिने झोप येते, त्यामुळे तिच्यावर दारू नको. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या. उपाशी राहू नका. कोरडी बिस्किटं, आलेपाक खा आणि डेकवर येऊन क्षितिजाकडे बघा. केबिनमध्ये पडून मोबाईल बघत राहिलात तर त्रास हमखास वाढतो.

बंदरावर

बोट सुटते बॅलार्ड पिअरहून. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘बोटीवर जायचंय’ सांगितलंत तर तो भाऊच्या धक्क्यावर किंवा गेटवेला नेऊ शकतो. ‘बॅलार्ड पिअर, क्रूझ टर्मिनल’ असं स्पष्ट सांगा. सीएसएमटीहून टॅक्सीने अगदी जवळ आहे. दिलेल्या वेळेच्या दोन तास आधी येऊन काही साधत नाही, फक्त रांगेत ताटकळता.

गोव्याच्या फेरीला मुलांसकट प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र जवळ ठेवा, मोबाईलमधल्या फोटोवर विसंबू नका. लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो. तो बहुधा कंपनीच काढते, पण तुमचे कागद वेळेत गेले तर. परदेशी बंदर असेल तर पासपोर्ट आणि त्या देशाचा व्हिसा.

मोठ्या बॅगा टॅग लावून टर्मिनलवरच घेतल्या जातात आणि केबिनच्या दारात पोचायला काही तास लागतात. म्हणून औषधं, कागदपत्रं, चार्जर, एक जोड कपडे आणि पोहण्याचे कपडे खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड, मेणबत्ती, उदबत्ती, कापूर हे सगळं तपासणीत काढून घेतलं जातं. समुद्रात आगीएवढी भीती कशाचीच नसते. पूजा करायची असेल तर सेलवरचा दिवा न्या. घरचे लाडू-चिवडेही बहुतेक कंपन्या आत नेऊ देत नाहीत. जैन जेवण हवं असेल तर बुकिंग करतानाच सांगा.

कवायत चुकवू नका

बोट सुटण्याआधी सुरक्षेची कवायत होते. सात लहान भोंगे आणि एक लांब भोंगा, हा धोक्याचा इशारा. आपलं जमण्याचं ठिकाण बोटीवर चढताना मिळणाऱ्या कार्डावर लिहिलेलं असतं (बोटीवरचा खर्चही त्याच कार्डावर चढतो). तिथवर जिन्यानेच एकदा जाऊन या, कारण आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसते. २०१२ मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ बोट कलंडून ३२ जण गेले, तेव्हा काही तासांपूर्वीच चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. २०१५ पासून नियम बदलला: कवायत बोट निघण्याआधी किंवा निघताक्षणी झालीच पाहिजे.

वागणं

बोटीवर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस झपाट्याने पसरतो आणि सॅनिटायझरला तो फारशी दाद देत नाही. बुफेला जाण्याआधी साबणाने २० सेकंद हात धुवा. चमच्यांची मूठ शेकडो हातांत फिरलेली असते. उलटी-जुलाब झाले तर लपवू नका, दवाखान्याला कळवा.

संडास हवेच्या ओढीवर चालतात. वाइप्स, पॅड, डायपर, उरलेलं अन्न टाकलंत तर पाइप तुंबून शेजारच्या केबिनांचेही संडास बंद पडू शकतात.

सिगारेटचं थोटूक समुद्रात फेकू नका, वाऱ्याने ते खालच्या बाल्कनीत येतं. २००६ मध्ये ‘स्टार प्रिन्सेस’वर लागलेल्या आगीचं कारण बहुधा असंच एक थोटूक होतं.

तीस-चाळीस जणांचा गोतावळा घेऊन गेलात तर अंताक्षरी लाउंजमध्ये रंगवा, कॉरिडॉरमध्ये नको, केबिनच्या भिंती पातळ असतात. टॉवेल टाकून पूलच्या खुर्च्या अडवणं ही लोकलमध्ये रुमाल टाकून जागा धरण्याचीच तऱ्हा, इथे कर्मचारी तो उचलून ठेवतात. बाल्कनीचं आणि केबिनचं दार एकदम उघडू नका. वारा असा घुसतो की दार आपटून बोटं चेंगरतात.

किनाऱ्यावर उतरताना

गोव्यात बोट मुरगाव बंदराला लागते, म्हणजे वास्कोजवळ. पणजी तिथून तीसेक किलोमीटर, कळंगुट-बागा त्याहून पुढे. पाच तासांत सगळं उरकायचा बेत म्हणूनच फसतो. जुनं गोवं किंवा बोगमाळो, एकच काहीतरी धरा. परतीची वेळ बोट सुटण्याच्या वेळेआधीची असते, कार्डावर बघा. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर बोट सहसा थांबते, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. लक्षद्वीपला बोट खोल पाण्यात नांगरून छोट्या होडीने नेतात आणि लाटा असल्या तर उतरणं रद्द होतं. त्यावर काउंटरशी भांडून उपयोग नाही.

मोबाईल फ्लाइट मोडवर टाका. बोटीवरचं नेटवर्क उपग्रहाचं असतं, चुकून लागलेल्या रोमिंगचं बिल घरी आल्यावर कळतं.

शेवटची रात्र

मोठ्या बॅगा रात्रीच दाराबाहेर ठेवायला सांगतात. इथे हमखास घोळ होतो: सकाळचे कपडे, चपला आणि ओळखपत्रही त्यांच्यासोबत जातं. आधी ते बाजूला काढा. हिशोबही संध्याकाळीच तपासा, कारण कार्ड मुलांच्या हातात असेल तर गेम्सचे पैसेही त्यात असतात, आणि सकाळी काउंटरवर मोठी रांग लागते. सेवाशुल्क आधीच लावलंय का ते बघून मगच बक्षीस द्या.

आपल्या बॅगांच्या टॅगचा रंग पुकारल्यावरच खाली या, टॅक्सी बॅगा हातात आल्यावर बोलवा. गावाकडच्या परतीच्या गाडीचं तिकीट काढताना बोट बंदराला लागण्याच्या वेळेपासून किमान पाच तास मोकळे ठेवा.