काळाघोड्याचे फूट, सर्व्हेयरचे मीटर

बडोद्याच्या विश्वामित्री नदीकाठी देशी झाडांचं, मुलांना नदी शिकवणारं उद्यान आखायला बसलेला नवखा माणूस सगळ्यात आधी झाडांची यादी मागतो. यादी पुढे आहे, पण त्याआधी पातळी बघा. चुकीच्या पातळीवर लावलेलं अस्सल देशी झाडही मरतंच.

बडोद्यात पूर फुटांत बोलतात. काळाघोडा पुलाच्या मापपट्टीवर 12 फूट, 18 फूट. ऑगस्ट 2024 मध्ये तर 35 च्याही वर. सर्व्हेयर मात्र साइटवरच्या एखाद्या ओट्याला 100.000 मीटर मानतो आणि तिथून कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, काढून देतो. दोन्ही आकडे खरे, पण शून्य वेगवेगळे. नवखा काय करतो? 12 फुटांचे 3.66 मीटर करतो, आपल्या नदीतळाच्या पातळीत मिळवतो आणि लागवडीची रेषा ओढून मोकळा होतो. घात इथेच होतो. काळाघोड्याच्या मापपट्टीचा शून्य म्हणजे तुमच्या साइटचा तळ नव्हे. शिवाय पुराचं पाणी ताटातल्यासारखं सपाट नसतं. वळणावर, पुलाच्या वरच्या अंगाला ते वेगळं चढतं. अर्ध्या मीटरची उभी चूक 1:3 उतारावर दीड मीटर आडवी होते, म्हणजे रोपांची अख्खी ओळ भलत्या पट्ट्यात. ड्रोनच्या सर्व्हेवर विसंबू नका. वेड्या बाभळीच्या रानात ड्रोनला शेंडे दिसतात, जमीन दिसत नाही. थ्रीडी चित्रं दाखवणाऱ्या सल्लागारापेक्षा लेव्हल हे पातळी मोजायचं यंत्र लावून दिवसभर उन्हात उभा राहणारा म्हातारा सर्व्हेयर गाठा.

उपाय कंटाळवाणा आहे, पण सोपा. पावसाळ्याच्या बरंच आधी काठावर खाली, मध्ये आणि वर असे तीन खांब रोवा. दर 10 सेंटिमीटरला रंगाची खूण करा आणि तिन्ही खांबांची उंची एकाच बेंचमार्कला, म्हणजे ठरावीक उंचीच्या पक्क्या खुणेला, जोडा. जून ते ऑक्टोबर रोज सकाळी 8 वाजता वरूनच दुर्बिणीने वाचा. खाली मगरी आहेत, पाण्याजवळ उतरायचं नाही. शेजारच्या रकान्यात त्याच वेळचे काळाघोड्याचे फूट लिहा. एका पावसाळ्यात दोन शून्यांचा मेळ बसतो. मग जुन्या वर्षांच्या नोंदींवरूनही तुमची कुठली पातळी साधारण किती दिवस बुडते ते निघतं. लागवड या दिवसांवर ठरते. पाणी सगळ्यात वर कुठे पोचलं, याचा रोपांना फारसा उपयोग नाही. एक पावसाळा जातो म्हणून क्लायंट कुरकुरेल. कुरकुरू द्या.

आता झाडं. आठवडेच्या आठवडे पाण्याखाली राहणाऱ्या पट्ट्यात वाळा, लव्हाळा आणि वाळुंज. वाळुंजाचे अंगठ्याएवढे जाड, 60 ते 90 सेंटिमीटरचे खुंट घ्या, खालचं टोक तिरपं कापा, दोन-तृतीयांश जमिनीत जाऊ द्या. पाणकणीस लावूच नका. ते आपोआप येतं आणि मग हटत नाही. काही दिवसच बुडणाऱ्या मधल्या पट्ट्यात अर्जुन, करंज, जांभूळ, उंबर, निर्गुडी. कडुनिंब आणि वड अगदी वर. साचल्या पाण्यात कडुनिंबाची मुळं कुजतात. नर्सरीवाला ‘हिरवंगार राहतं’ म्हणून कोनोकार्पस हे परदेशी झाड पुढे करेल, त्याला तिथूनच परत पाठवा. गुजरातेत 2023 पासून त्याच्या लागवडीवर बंदी आहे.

खालचा पट्टा जूनमध्ये लावायची घाई करू नका, पहिलाच पूर रोपं उपटून नेतो. पाणी उतरलं की ऑक्टोबरअखेर लावा, उन्हाळाभर पाणी घाला, म्हणजे पुढच्या पुराआधी मुळं धरतात. उघड्या उतारावर काथ्याची जाळी अंथरा आणि तिची वरची कड 30 सेंटिमीटर खोल चरात पुरा. ही कड नुसती खुंट्यांवर सोडली तर पाणी जाळीखाली शिरतं आणि सगळं गुंडाळून नेतं.

मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा वनखात्याला आधी भेटा. मादी काठच्या मऊ मातीत खड्डा खणून अंडी घालते, साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. त्या महिन्यांत काठावर मातीकाम नको. सगळा काठ हिरवा करायचा हट्टही सोडा, मातीचे काही तुकडे उघडेच राहू द्या. आणि दगडी पिचिंग, म्हणजे काठ दगडांनी मढवणं? ‘एकदा पिचिंग केलं की कटकट मिटली’ असं सांगणारे गुरू भेटतील. तिथे ना मगरीला घरटं करता येतं, ना वाळ्याला मूळ धरता येतं.

हे सगळं वाचून घाबरू नका. पहिल्या वर्षी एक तृतीयांश रोपं गेली तरी काम फसलं असं नाही. तेवढी जादा रोपं अंदाजपत्रकात आधीच धरा.

मुलांना मगरी बघायची गॅलरी काठाच्या वरच, आणि शक्यतो पूर्व तीरावर. हिवाळ्यात सकाळचं ऊन पश्चिम तीरावर पडतं, मगरी तिथे शेकत पडतात आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन येत नाही. फ्लेक्सचे फलक पुरात टिकत नाहीत, कोटा दगडावर अक्षरं कोरून घ्या. आणि मापाचे ते तीन खांब काम झाल्यावर उपटू नका. वरच्या खांबावर ऑगस्ट 2024 ची रेघ मारा, एका बाजूला फूट आणि दुसऱ्या बाजूला मीटर लिहा, आणि दोन्हींचे शून्य कुठले ते पायथ्याच्या दगडावर कोरा.