गोल्फ शिकायचंय? पैसे भरायच्या आधी कोच कसा पारखायचा

ओळखीतलं कोणी ना कोणी दर दोन-चार महिन्यांनी विचारतंच, अरे गोल्फ सुरू करायचं म्हणतोय, कुठली अकॅडमी चांगली? माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो, अकॅडमीचं सोड, शिकवणार कोण आहे ते सांग. कारण बोर्डावर नाव अकॅडमीचं असतं, पण समोर उभं राहून तुमचा हात धरून ग्रिप, म्हणजे काठीची पकड, बसवणारा माणूस एकच असतो, आणि तो चुकीचा निघाला तर कॅफे, एसी लाउंज, कंप्युटरवाला सिम्युलेटर यातलं काहीच कामाला येत नाही.

हे शहाणपण मला फुकटात आलेलं नाही. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी एका रेंजवर, म्हणजे नुसती बॉल मारायची प्रॅक्टिस करतात त्या जागी, दहा लेसनचं पॅकेज घेतलं, आधी काही न बघता, डिस्काउंट होता म्हणून. पहिल्याच तासात सरांनी सांगितलं डोकं हलवू नका, डावा हात सरळ ठेवा, गुडघे वाकवा, खांदे वळवा, मनगट मोडू नका, वजन डावीकडे न्या, आणि शेवटी म्हणाले रिलॅक्स! घरी आरशासमोर हे सगळं एकदम करायला गेलो तर बायकोने विचारलं, उसण भरली का? चौथ्या लेसनला ते सर दुसरीकडे गेले होते, नवीन आले आणि त्यांनी ग्रिपपासून सगळं परत उलटं शिकवलं. पैसे अर्थातच परत नाहीत.

तर आता पायरी पायरीने.

सगळ्यात आधी कशासाठी शिकायचंय ते ठरवा, यात फार वेळ घालवू नका. क्लायंटबरोबर रविवारी हसं न होता खेळता आलं पाहिजे, रिटायरमेंटनंतर सकाळ घालवायचीय, की पोरीला ज्युनिअर स्पर्धांना उतरवायचंय, तिन्हीला कोच वेगळा लागतो. कोचला पहिल्या भेटीत हेच सांगायचं. त्याने उलट काही विचारलंच नाही, ना पाठीचं दुखणं, ना आठवड्यात किती वेळ मिळतो, तर तिथेच जरा सावध व्हा.

मग जागा. आपल्याकडे बहुतेक कोर्स, म्हणजे गोल्फची मैदानं, क्लबांचे आहेत, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी, मुंबईतलाच विलिंग्डन, येरवड्याचा पूना क्लबचा, तिथे मेंबर किंवा मेंबरचा पाहुणा असल्याशिवाय एरवी काम होत नाही, आणि आर्मीच्या कोर्सचे नियम आणखी वेगळे. खारघरचा सिडकोचा कोर्स त्या मानाने सगळ्यांसाठी आहे. तेव्हा अकॅडमीला आधीच विचारा की शिकून झाल्यावर प्रत्यक्ष कोर्सवर आम्हाला नेणार का, कुठे, आणि ग्रीन फी, म्हणजे कोर्सवर खेळायचे पैसे, कोणी भरायची. नाहीतर वर्षभर जाळीत बॉल मारत बसाल आणि एक होलही खेळलेला नसेल, असे लोक मी बघितलेत. आणि घरापासूनचं अंतर! कोच कितीही भारी असला तरी जाऊन-येऊन तीन तास लागत असतील तर लेसनला जाल पण मधल्या दिवसांत प्रॅक्टिसला जाणार नाही, आणि प्रॅक्टिसशिवाय लेसन म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

कागदपत्रं विचारायला लाजू नका. भारतात इंडियन गोल्फ युनियनशी जोडलेली नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडिया आहे, लोक तिला एनजीएआय म्हणतात, ती कोच लोकांना ट्रेनिंग देऊन सर्टिफिकेट देते. काही जण ब्रिटनच्या किंवा अमेरिकेच्या पीजीएचे, म्हणजे व्यावसायिक गोल्फवाल्यांच्या संघटनेचे, असतात, त्या संस्था अनुक्रमे 1901 आणि 1916 पासूनच्या आहेत. पण इथे एक घोळ होतो. कोणी म्हणालं की मी पीजीटीआयवर खेळलोय, तर ती व्यावसायिक खेळाडूंची टूर, म्हणजे स्पर्धांची मालिका आहे, त्याचा अर्थ माणूस चांगला खेळतो, तो चांगला शिकवतो असा होत नाही. उत्तम गाणारे सगळेच क्लासमध्ये पोरांना सा लावायला शिकवू शकतात का? तसंच आहे ते.

याची दुसरी बाजूही सांगतो, कारण क्लबात काही मंडळी कोच कुठून आला यावरून नाकं मुरडतात. आपल्याकडचे बरेच चांगले प्रो, म्हणजे व्यावसायिक खेळाडू, आणि कोच कॅडी (खेळणाऱ्याची बॅग उचलणारा) म्हणून सुरुवात केलेले आहेत. 1991 साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर, तो दिल्ली गोल्फ क्लबमध्ये कॅडी होता, आणि 1993 ला परत जिंकला. त्यामुळे इंग्लिश फाडफाड नाही म्हणून कोणाला बाद करू नका. मला आज शिकवणारे सर मराठी-हिंदी मिसळून बोलतात आणि बॉल कुठे जाणार ते आवाजावरून सांगतात.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी, जी कोणीच करत नाही. पैसे भरायच्या आधी एक सकाळ रेंजवर नुसतं जाऊन बसा. चहा घ्या आणि कोच दुसऱ्याला शिकवताना बघा. माझे आत्ताचे सर मला असेच सापडले. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते, समोर एक नवखे काका सेव्हन आयर्नने, म्हणजे मध्यम अंतराच्या काठीने, मारत होते, बॉल दरवेळी उजवीकडे वळत होता. सरांनी दहा-बारा बॉल मारू दिले, एक शब्द नाही. मग उठले, काकांच्या डाव्या हाताची ग्रिप थोडी उजवीकडे फिरवली, बोटांच्या दोन गाठी दिसल्या पाहिजेत एवढंच म्हणाले आणि परत खुर्चीत. पुढचे तीन बॉल वाईटच गेले, काका वैतागले, सर हलले नाहीत. पाचवा बॉल सरळ गेला. तासभरात त्यांनी त्या काकांना दुसरी कुठलीही गोष्ट सांगितली नाही. शेजारच्या बेवरचे (बॉल मारायच्या खणावरचे) कोच तोपर्यंत मोबाइलवर रील्स बघत मधूनमधून गुड शॉट, गुड शॉट करत होते, त्यातले निम्मे शॉट गुड नव्हते हे माझ्यासारख्यालाही कळत होतं.

बघताना काय बघायचं तर, कोच बघतो किती आणि बोलतो किती. एका लेसनला एक, फार तर दोन गोष्टी सांगतो का. प्रत्येकाला तोच स्विंग शिकवतो की जाड्या-बारीक, तरुण-म्हाताऱ्या माणसाप्रमाणे बदलतो. आणि स्वतः क्लब, म्हणजे गोल्फची काठी, घेऊन मारून दाखवण्यातच निम्मा तास घालवतो का, कारण तुम्ही त्याचं खेळणं बघायला पैसे देत नाही.

हे पटलं तर एकच ट्रायल लेसन घ्या, पॅकेज नाही. त्यात एक साधा प्रश्न टाका, सर माझा बॉल उजवीकडे का वळतो? जुन्या पुस्तकी उत्तरात बॉल स्विंगच्या दिशेने निघतो आणि क्लबफेस (काठीचा बॉलला लागणारा भाग) जिकडे असेल तिकडे वळतो असं सांगायचे. रडारवर चालणारी ट्रॅकमॅनसारखी मशिनं आल्यापासून हे मागे पडलं, बॉल निघताना मुख्यतः फेसच्या दिशेने निघतो आणि फेस व स्विंगची दिशा यांत फरक असेल तसा वळतो. आता कोचने लेक्चर दिलंच पाहिजे असं नाही, पण कारण तुमच्या भाषेत समजावता आलं पाहिजे. नुसतं डोकं वर आलं तुमचं, हे उत्तर मिळालं तर समजून जा, गोल्फमध्ये प्रत्येक चुकीचं खापर डोक्यावर फोडायची जुनी पद्धत आहे.

शिकवण्यात पटिंग (होलजवळच्या बारीक गवतावर, म्हणजे ग्रीनवर, बॉल घरंगळत नेणं) आणि चिपिंग (ग्रीनच्या बाहेरून बॉल हलकेच उडवणं) किती आहे तेही विचारा. हिशोब सोपा आहे, पार 72 च्या, म्हणजे 18 होल 72 शॉट्समध्ये संपवायचे अशा, कोर्सवर प्रत्येक होलला पटिंगचे दोन शॉट्स धरले तर 36 शॉट्स पटिंगचेच, म्हणजे बरोबर निम्मे. होलचा व्यास 108 मिलिमीटर, म्हणजे चहाच्या बशीपेक्षाही लहान, आणि तरी बहुतेक रेंजवर सगळा वेळ ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, ठोकण्यात जातो कारण ते मजेचं असतं आणि कोचलाही सोपं पडतं. पटिंग ग्रीनच नसेल तर ती अर्धीच शाळा.

मॅटचंही बघा, म्हणजे रेंजवर बॉल ठेवायच्या कृत्रिम गवताच्या चटईचं. मॅटवर क्लब बॉलच्या मागे आपटला तरी घसरून पुढे जातो आणि बॉल बऱ्यापैकी उडतो, आपल्याला वाटतं आलं की! गवतावर तोच शॉट म्हणजे मातीचं ढेकूळ लांब आणि बॉल पायापाशी. थोडा तरी भाग खऱ्या गवतावर असलेली जागा मिळाली तर बघा, मिळाली नाही तर कोचला अधूनमधून कोर्सवर लेसन घ्यायला सांगा.

पैशाचं तोंडी नको, व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या. लेसन तीस मिनिटांचा की साठ, बॉलची बकेट त्यात धरलीय की वेगळी, क्लब भाड्याने मिळतात का, ग्रुपमध्ये किती जण, कोच बदलला तर उरलेल्या लेसनचं काय. आणि पॅकेजची मुदत! मी ते पहिलं पॅकेज मे महिन्याच्या शेवटी घेतलं होतं, तीन महिन्यांची मुदत, पुढे पाऊस. म्हणजे बघा. आपल्याकडे पॅकेज घ्यायचं तर दसरा-दिवाळीच्या सुमारास घ्या. पहिल्या आठवड्यात नवीन क्लबचा सेट घ्या म्हणून मागे लागणारा कोच असेल तर हात जोडा, सुरुवातीला एक सेव्हन आयर्न, एक वेज (जवळून बॉल उंच उडवायचा क्लब) आणि पटर (पटिंगचा क्लब) एवढं उधारीचं पुरतं, नियमाने बॅगेत 14 क्लब चालतात म्हणून 14 घ्यायलाच पाहिजेत असं नाही.

मुलांचं थोडं वेगळं. बाबांचा जुना क्लब कापून दिला तर तो पोराला जड पडतो आणि मग ते सगळं अंग झोकून मारायला लागतं, तेव्हा मुलांच्या मापाचे हलके क्लब अकॅडमीकडे आहेत का ते आधी बघा. लहान मुलांच्या बॅचमध्ये हशा ऐकू आला पाहिजे, आठ वर्षांचं पोर तासभर रांगेत उभं राहून पाच बॉल मारत असेल तर दुसऱ्या महिन्यात ते क्रिकेटला पळणार.

कोच मिळाल्यावर सहा-आठ लेसन तरी टिका, कारण मध्ये एकदा खेळ बिघडतोच, जुनं सुटलेलं असतं आणि नवीन बसलेलं नसतं. त्या काळात यूट्यूब बघून स्वतःच दुरुस्त्या सुरू केल्या की कोचही हतबल होतो, हे मी करून बसलोय. पण आठ लेसननंतरही घरी काय प्रॅक्टिस करायची ते तुम्हाला एका वाक्यात सांगता येत नसेल तर मात्र दुसरा शोधा. आणि स्लॉट सकाळचा घ्या, साडेसहाचा मिळाला तर उत्तम, दहानंतर पुण्यातसुद्धा मॅटवर पाय भाजतात आणि कोचही तोपर्यंत थकलेला असतो.